आईच्या बांगड्यासाठी लहान गॅस ग्रिल: कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

ताई आणि भावोजी लिस्बनहून सुट्टीवर आली. सामानात एक लहानसं गॅस ग्रिल आहे, नवंकोरं, खोकं न फोडलेलं. विमानात गॅसची बाटली कुठल्याच सामानात चालत नाही, म्हणून नुसतं ग्रिल आलंय. गॅसची सोय इथे गोव्यात, डिचोलीतच करायची.

हे कशासाठी, ते आधी लिहून ठेवतो. आईला बांगडा निखाऱ्यावर भाजलेलाच लागतो. तव्यावरचा ती खाते, पण मागून घेत नाही. परसातली चूल मात्र गेल्या पावसापासून बंद आहे. धुराने तिची छाती भरते आणि मग रात्रभर खोकला. करवंट्या पेटवून भाजायचं म्हटलं तरी धूर आलाच. तेव्हा काम एवढंच: आई मागून घेईल असा बांगडा, आणि तो भाजताना तिला अंगणात बसता आलं पाहिजे. नाताळपर्यंत जमवायचं.

आज फक्त पाहणी केली. अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, आत एकच बर्नर, त्यावर दोन तुकड्यांत ओतीव लोखंडाची मुलामा दिलेली जाळी. दोन्ही तुकडे मिळून साधारण ४० बाय २८ सेंटिमीटर. खाली चरबीचा ट्रे, पुढे एक नॉब आणि ठिणगीचा खटका. झाकण चांगलं जड आहे आणि बिजागरीत जराही डुलत नाही. मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

मागची पाटी टॉर्च लावून वाचली. ताकद २.२ किलोवॅट, खप ताशी १६० ग्रॅम, गॅसचा प्रकार आय३+ (२८-३०/३७) आणि आय३बी/पी (३०). कंसातले आकडे गॅसच्या दाबाचे, मिलिबारमध्ये. आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबारनेच गॅस सोडतो आणि आपला एलपीजी ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असतो, म्हणजे जोडी जुळली. पाटीवर नुसतं ५० असतं, जसं जर्मनीतल्या बाजारासाठी बनवलेल्या ग्रिलवर असतं, तर इथल्या रेग्युलेटरवर ज्योत मरगळलेलीच मिळाली असती. परदेशातून कुणी ग्रिल किंवा शेगडी आणणार असेल तर त्याला दुकानातच ही पाटी वाचायला सांगा. रंग नि ब्रँड त्यानंतर.

९ नोव्हेंबर

गॅस कुठला घ्यायचा यावर सकाळभर भाईशी बोलणं झालं.

"घरचं सिलिंडर आहे ना, तेच बाहेर काढ रे," भाई म्हणाला.

१४.२ किलोचं भरलेलं सिलिंडर पत्र्यासकट तीस किलोच्या आसपास भरतं. ते दर वेळी स्वयंपाकघरातून सोडवायचं, पायऱ्या उतरवायचं, परत न्यायचं आणि परत जोडायचं. जितक्या वेळा जोड सुटतो तितक्या वेळा गळतीची शक्यता. मला ते नको होतं.

दुसरा पर्याय सहलीच्या शेगडीत बसतो तो २२० ग्रॅमचा ब्यूटेनचा डबा. या ग्रिलच्या खपाने तो सव्वा तासाच्या आसपास संपेल, शिवाय जोडणी वेगळी लागते आणि रिकामे डबे साचत जातात. आपल्याकडे उन्हात ठेवलेला डबा तापण्याची भीती असते, ती निराळीच.

तिसरा पर्याय ५ किलोचं लहान सिलिंडर. गॅस वितरकाकडे ओळखपत्र दाखवून मिळतं, नवं कनेक्शन काढावं लागत नाही. पूर्ण आचेवर हिशेब केला तर ३१ तास, आणि आपण काही सारा वेळ पूर्ण आच ठेवणार नाही. एका हाताने उचलता येतं. हेच ठरलं. भाईनेही मग मान डोलावली.

१० नोव्हेंबर

सिलिंडर आणलं. घेताना तीन गोष्टी बघितल्या. कड्याच्या पट्टीवरची तपासणीची तारीख, म्हणजे इंग्रजी अक्षर आणि वर्ष: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीनंतर ते सिलिंडर चाचणीविना वापरात असता कामा नये. मग वजन, वितरकाच्या काट्यावर, पत्र्याचं वजन वजा करून. आणि रेग्युलेटर तिथेच बसवून पाहिला, कारण घरचा रेग्युलेटर प्रत्येक लहान सिलिंडरला बसतोच असं नाही.

हार्डवेअरच्या दुकानात चावी फिरवून दाब वाढवता येतो असा रेग्युलेटर स्वस्तात मिळतो. तो हॉटेलच्या भट्टीसाठी असतो. आपल्या ग्रिलला तो कधीच लावायचा नाही. ३० मिलिबारसाठी घडवलेल्या बर्नरमध्ये कितीतरी पट दाबाने गॅस घुसला तर ज्योत कुठे जाईल सांगता येत नाही.

गाडीत आणताना सिलिंडर उभंच ठेवलं, टोपी लावून, काचा खाली करून. आडवं ठेवलं तर झडपेपाशी वाफेऐवजी पातळ गॅस येतो.

१५ नोव्हेंबर

जोडणीवर अडलो होतो. ग्रिलची शेपटी पाव इंची उलट्या आट्याची, आणि आपली केशरी सुरक्षा नळी नुसती निपलवर दाबून बसवायची. मधे पितळी जोड हवा: एका टोकाला उलटे आटे, दुसऱ्या टोकाला ८ मिलिमीटरचा निपल. पहिल्या दुकानदाराने सुलट्या आट्याचा काढून दिला आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून बसव म्हणाला. आटेच उलटे असतील तर टेप काय करणार! परत केला.

उलट्या आट्याची खूण सोपी आहे. नटाच्या सहा कोपऱ्यांवर बारीक खाचा असतात. गॅसचे जोड मुद्दाम उलटे ठेवलेले असतात, म्हणजे पाण्याचा किंवा हवेचा जोड चुकून तिथे बसत नाही. शेवटी म्हापशात गॅस शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी डब्यातून नेमका तोच काढून दिला, वर वायसर तपासून दिला. "टेप नाका, वायसर पुरो," एवढंच म्हणाले.

नळी दीड मीटरची घेतली, त्याहून लांब नको. आयएसआयची खूण आणि बनवल्याचं साल नळीवरच छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदलायची. दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या.

१६ नोव्हेंबर

पहिली आच. त्याआधी साबण.

वाटीत भांडी घासायचा साबण आणि पाणी फेसाळून घेतलं, रंगाच्या जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं: रेग्युलेटर आणि सिलिंडर, नळीची दोन्ही टोकं, पितळी जोड, नॉबची मागची बाजू. ग्रिलचा नॉब बंद, सिलिंडर चालू. मग नुसतं बघत बसायचं. पुतण्या मांडी घालून समोर बसला होता, त्याला बुडबुडा शोधायचं काम दिलं. निपलपाशी अगदी मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, परत फुगला. क्लिप अर्धा आटा आवळली, परत साबण लावला, मग काही नाही. ही तपासणी सिलिंडर बदलेल तेव्हा आणि ग्रिल बरेच दिवस पडून राहिलं असेल तेव्हा पुन्हा करायची. काडी पेटवून गळती बघणारे लोक अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका.

जागा अंगणात, तुळशीपासून लांब, पाठीमागे भिंत नाही, वर माटव (मांडव) नाही. सोप्यावर किंवा पडवीत नाही. एक तर जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. दुसरं म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, खालच्या बाजूला साचतो. म्हणून सिलिंडरही विहिरीच्या कठड्याजवळ किंवा गटाराच्या तोंडाशी ठेवलं नाही. गॅसला घातलेला उग्र वास आला तर सगळं बंद करून लांब व्हायचं. १९०६ हा गॅस गळतीचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घातला.

पेटवायचा क्रम: झाकण उघडं. सिलिंडर चालू. नॉब मोठ्यावर. खटका. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबायचं. झाकण बंद ठेवून कधीच पेटवायचं नाही, कारण आत साचलेला गॅस एकदम पेट घेतो.

पेटलं. ज्योत निळी, टोकांना क्वचित पिवळी छटा. हे ठीक. सगळी ज्योत पिवळी आणि लोळणारी असली तर हवा कमी पडते, आणि ज्योत बर्नरवरून उचलून फरफरत असली तर हवा जास्त होते. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलं तरी पिवळी होते. गॅसच्या वासाकडे कोळी ओढले जातात, हे परदेशात सर्वांना माहीत असतं, आपल्याकडे तर कोळ्यांना तोटा नाही. त्यामुळे नळीचं तोंड दर महिन्याला बघायचं.

पूर्ण आच, झाकण बंद, २० मिनिटं रिकामंच तापवलं. कारखान्यातल्या तेलाचा वास आला आणि गेला. जाळी कोमट असताना शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलाचं फडकं फिरवून ठेवली. घाणीचं खोबरेल या कामाला नको, त्याचा धूर फार लवकर निघतो.

२२ नोव्हेंबर

आज पाव भाजून जाळीचा नकाशा काढला. आतापर्यंतच्या कामांत मला सर्वांत उपयोगी हेच वाटतं, म्हणून सविस्तर.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) सकाळी जास्तीचे पाव घेतले. प्रत्येकाचे आडवे दोन भाग केले. ग्रिल झाकण लावून दहा मिनिटं तापवलं, मग पावाचे मऊ भाग खाली करून अख्खी जाळी भरून टाकली, कडेला कड लावून, एकही फट न ठेवता. झाकण लावलं, दीड मिनिट मोजलं. मग ज्या जागी होते त्याच क्रमाने पाटावर उलटे मांडले.

सारं समोर दिसलं. मधल्या भागात नळीच्या वाकाप्रमाणे घोड्याच्या नालासारखा गडद पट्टा, जवळजवळ काळा. नालाच्या पोटात छान बदामी. पुढचे दोन कोपरे पांढरेच, नुसते कोमट. मागची कड डावीकडे उजवीपेक्षा गडद. पुतण्याने फोटो काढला, मी तो छापून ग्रिलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवला.

याचा अर्थ, एकच बर्नर असला तरी या जाळीवर तीन आचा आहेत. मोठी आच नालावर, मध्यम पोटात, आणि पुढच्या कोपऱ्यांत शिजलेलं गरम ठेवायची जागा. नुसता नॉब फिरवून हे कळलं नसतं.

भाजलेले पाव वाया गेले नाहीत. वहिनीने टोमॅटोचं सार केलं.

२३ नोव्हेंबर

जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेवून झाकणाचा परिणाम मोजला. बंद झाकणात पंधरा मिनिटांत काटा २४० अंशांपर्यंत गेला. झाकण एक मिनिट उघडं ठेवलं तर १५० च्या खाली, आणि परत चढायला चार-पाच मिनिटं.

२.२ किलोवॅट म्हणजे घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरएवढीच ताकद. ती या एवढ्या जाळीवर पसरलेली. तेव्हा भाजण्याचं काम नुसती ज्योत करत नाही. तापलेलं लोखंड आणि झाकणाखाली कोंडलेली गरम हवा, ही दोघं करतात. चुलीपाशी बसणाऱ्याला सारखं हलवायची, उलटायची, डोकावायची सवय असते. या यंत्रावर ती सवय सोडावी लागणार. माझं मत पक्कं होत चाललंय की लहान ग्रिलवर झाकण हेच मुख्य अवजार.

दुपारी वाऱ्याचं. डिचोली आत आहे तरी तीनच्या पुढे पश्चिमेचा वारा लागतो. तो पाठीमागून आला की गरम हवा पुढच्या नॉबकडे ढकलली जाते आणि नॉबला हात लावता येत नाही. ग्रिल आडवं फिरवलं, वारा बाजूने घेतला, नॉब थंड राहिला. नळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, ग्रिलच्या पोटाखालून न जाता.

३० नोव्हेंबर

बांगडे. बाजारातून मध्यम घेतले, एकेक पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. खूप मोठे असले तर आतपर्यंत शिजेतो कातडी करपते, आणि लहान असले की उलटताना मोडतात.

आज मसाला नाही, फक्त मीठ आणि हळद. मासा आणि लोखंड यांचं जमतं का, तेवढंच बघायचं होतं.

साफ करून, पाठीला दोन्ही बाजूंनी तिरके चर देऊन, मीठ लावून अर्धा तास ठेवले. मग जुन्या सुती फडक्याने पुसले, नुसते टिपले नाहीत, कोरडे होईतो पुसले. ओली कातडी लोखंडावर ठेवली की आधी पाण्याची वाफ होते, तोवर कातडी चिकटून बसते. तेल जाळीला न लावता माशालाच लावलं, बोटाने, चरांमध्येसुद्धा.

जाळी बारा मिनिटं तापवलेली. बांगडे गजांना तिरके, डोकी कमी आचेच्या कोपऱ्याकडे, शेपट्या जाळीच्या बाहेर. झाकण लावलं आणि चार मिनिटं हात मागे.

इथे सगळ्यांची परीक्षा होते. दोन मिनिटांनी झाकणाखालून चरचर ऐकू येते आणि भाई म्हणतो, "उलट रे, करपला." उलटायचा नाही. दोन मिनिटांच्या सुमाराला कातडी गजाला धरलेली असते. चार मिनिटांनी पातळ उलथणं शेपटीकडून सरकवलं तर कातडी आपणहून सुटते. गजावर एक करडा, कोरडा ठसा राहतो आणि माशावर काळे पट्टे उठतात. सुटत नसेल तर ओढू नये, अजून अर्धं मिनिट द्यावं. उलटल्यावर साडेतीन मिनिटं. कण्याजवळ सुईचा थर्मामीटर घातला तर ६३ अंशांच्या वर होता, मासा शिजलाय.

आईने खाल्ला. "बरो आसा," म्हणाली. मागून घेतला नाही.

४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. रताळी सालीसकट, मध्यम आचेवर झाकण लावून पाऊण तास, चार बाजूंनी फिरवत. उत्तम. आगशीची वांगी भरितासाठी थेट नालावर. ती मोठी आणि कमी बियांची असतात, आत अगदी लोण्यासारखी झाली. नीरफणसाच्या कापा तेल लावून पोटात. त्या मात्र तव्यावरच चांगल्या होतात असं माझं मत, रव्याचा कुरकुरीतपणा इथे येत नाही.

७ डिसेंबर

परत बांगडे, या वेळी रेशाद, म्हणजे गोव्यातला माशात भरायचा तिखट-आंबट मसाला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून खोला गावची मिरची आणि माडाच्या सुरीचं (माडीचं) व्हिनेगर आणलं होतं. वहिनीने वाटला: मिरची, लसूण, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग, हळद, थोडी चिंच, चिमूटभर साखर. पाण्याचा थेंबही न घालता व्हिनेगरमध्ये.

तव्यावर हा मसाला बाहेरूनही फासतात. ग्रिलवर बाहेरून फासला तर साखर आणि लसूण मासा शिजायच्या आधी जळून कडू होतात. म्हणून पाठीतून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी खिसे करून मसाला आतच भरला आणि कातडी बाहेरून स्वच्छ पुसून घेतली. बाहेर मीठ आणि तेल, बास.

दुसरा बदल आईच्या त्या "बरो" मुळे. निखाऱ्यावरच्या माशाला जो वास येतो तो सगळा कोळशाचा नसतो. माशाची चरबी थेंब थेंब गळते, तापलेल्या पृष्ठभागावर पडून जळते, तिची वाफ वर येऊन माशाला लागते. वासाचा मोठा भाग तो. मग तो या ग्रिलवरही मिळायला हवा, फक्त चरबी गरम लोखंडावर पडली पाहिजे आणि तिची वाफ बाहेर न जाता झाकणाखाली राहिली पाहिजे. गेल्या वेळी बांगडे नालाच्या पोटात, मध्यम आचेवर होते आणि चरबी सरळ ट्रेमध्ये जात होती. आज ते थेट नालावर, बर्नरच्या नळीच्या वर ठेवले. आणि एकदाच उलटले, मधे झाकण उघडलं नाही.

भाईला करवंटीचे तुकडे फॉइलच्या पुडीत घालून बर्नरवर ठेवायचे होते. तसं करतात, पुडीला भोकं पाडली की धूर मिळतो. पण ज्या धुरासाठी आईची चूल बंद केली तोच परत आणायचा नाही, म्हणून ती पुडी या घरात नाही. भाईला पटलं.

चरबी नालावर पडल्यावर एकदा ज्योत वर आली. पाणी मारायचं नाही, जळत्या चरबीवर पाणी पडलं की भडका उडतो. नॉब लहान केला, झाकण बंदच ठेवलं, विझलं. बाजूला कोरड्या रेतीची बादली कायम ठेवतो.

आई तुळशीच्या कट्ट्यावर बसली होती, खोकला नाही. पहिला बांगडा तिने कण्यापासून सोडवून शीत-हुमणाबरोबर (भात आणि माशाच्या आमटीबरोबर) खाल्ला, मग ताट पुढे केलं. "आनीक एक घाल."

१४ डिसेंबर

चिकन काफ्रियाल. हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, लसूण, मिरी, लिंबू. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून गोव्यात आलेला पदार्थ, आता इथलाच. पाय चर देऊन रात्रभर मुरवले.

हाडासकट पायाला चाळीसेक मिनिटं लागतात आणि थेट आचेवर तेवढ्यात कोळसा होईल. एकाच बर्नरवर मंद आच करायची युक्ती: फॉइलची चौपदरी घडी नालावर, तिच्यावर एक बुटकी स्टीलची जाळी, तिच्यावर कोंबडी. झाकण बंद, नॉब मध्यम. फॉइल खालची सरळ आच अडवते, गरम हवा बाजूने फिरते. फॉइलने जाळी पूर्ण झाकू नये, हवा अडली तर ग्रिलचं पोट आणि नॉब फाजील तापतात. शेवटची पाच मिनिटं फॉइल काढून थेट आचेवर, रंगासाठी. हाडाजवळ ७४ अंश झाल्याशिवाय काढायचं नाही, रस कसा का दिसेना.

सुंगटं (कोळंबी) बांबूच्या काड्यांवर, काड्या अर्धा तास भिजवलेल्या. दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. याला तंत्र लागत नाही. मुडदुशी (एक मासा) नाजूक, ती केळीच्या पानात गुंडाळूनच.

गोव्याची चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) मात्र या ग्रिलवर नाही. तिच्यात चरबी इतकी की लहान ट्रे भरून ज्योत सारखी वर येते. ती कढईतच, कांद्याबरोबर.

१५ डिसेंबर

सफाई. बाजारातले तारांचे ब्रश घेतले नाहीत. तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते. सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) काथ्याचा जुडगा सुतळीने घट्ट बांधला, चिमट्यात धरला, जाळी गरम असताना घासली. नायलॉन वितळतो, काथ्या वितळत नाही, आणि लोखंडावरच्या मुलाम्याला ओरखडा पडत नाही. झिजला की फेकून दुसरा, परसात सोडणं हवी तेवढी आहेत.

ट्रेमध्ये फॉइल घालतो, काम झालं की तीच गुंडाळून टाकतो. रात्रभर राहिली तर सकाळी मुंग्यांची रांग नॉबच्या आतपर्यंत.

आच्छादन नको, निदान इथल्या दमट हवेत. प्लॅस्टिकच्या खोळीखाली ओल धरते आणि स्क्रूंना तांबेरा चढतो. पूर्ण गार झाल्यावर तेलाचा हात फिरवून खोक्यात, खोकं कोठीत. सिलिंडर वेगळं, बाहेर, सावलीत, उभं, रेग्युलेटर काढून टोपी लावून.

२० डिसेंबर

पुतण्याचा हट्ट, ग्रिल मोरजीच्या किनाऱ्यावर न्यायचं. नाही म्हटलं. गोव्यात पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं गुन्हा आहे, दंड होतो. आणि मला तो कायदा पटतो. वाळूत पुरलेल्या बाटल्या नि टाकलेली खरकटी आपण सगळे बघतो. नेण्याजोगं आहे म्हणून कुठेही लावायचं असं नाही. मामाच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), त्यांना विचारून, माडांच्या सुक्या झावळ्या बाजूला करून लावू, असं त्याला सांगितलं.

२८ डिसेंबर

काजूच्या हंगामात वापरतो त्या काट्यावर सिलिंडर वजन केलं. आजवर पावणेदोन किलो गॅस गेला, पाटीवरच्या खपाशी हिशेब साधारण जुळतो. सिलिंडर हलवून किंवा वाजवून अंदाज घेण्यात अर्थ नाही, काटा हाच खरा. सव्वातीन किलो शिल्लक, ३१ तारखेला पुरून उरेल.

त्या रात्री माणसं बारा-तेरा, जाळी एवढीशी. वहिनी म्हणते, सगळ्यांना एकदम वाढायचं. ते या ग्रिलवर होणार नाही. एका खेपेला चारच बांगडे, दोन माशांच्या मधे बोटभर जागा. जाळी गच्च भरली तर लोखंड थंड पडतं आणि मासा भाजायच्या ऐवजी उकडतो. खेपांमध्ये पाच मिनिटं झाकण लावून जाळी परत तापवायची, हा वेळ धरूनच बसायचं.

तेव्हा क्रम असा: काफ्रियाल सहा वाजता, दोन खेपांत, झालेले पाय झाकून घरात. साडेसातला सुंगटं, ती उभ्यानेच खातील. जाळी घासून आठपासून बांगडे, चार-चार, पहिली खेप आई आणि मुलांना. भावोजी झाकणाजवळ उभे राहतील, "तुम्ही फक्त घड्याळ बघा, उघडू नका," एवढंच त्यांना सांगितलंय. मसाला ३० तारखेला वाटायचा. बांगडे ३१ च्या सकाळीच, फ्रिजमधले आदल्या दिवसाचे चालणार नाहीत.